ती म्हणाली, ते क्रूसावर गेलेच नाहीत

पत्र :

ताई, मी वसईची, कतारमध्ये दोह्याला नर्स आहे. क्वार्टरमधली माझी रूममेट रत्नागिरीकडची मुसलमान, आमच्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तीन वर्षं एका खोलीत आहोत, परक्या देशात मराठी बोलणारं कोणी मिळालं म्हणून जीव लागला. माझा उपवासकाळ आणि तिचा रमजान पुढेमागे येतो तेव्हा एकमेकींचं सांभाळतो. यंदा गुड फ्रायडेला मी चर्चमधून आले, डोळे रडून लाल, तिनं पेज करून ठेवली होती. बसलो तर मी क्रूसाबद्दल काहीतरी बोलले आणि ती अगदी सहज म्हणाली, "ते क्रूसावर गेलेच नाहीत गो, अल्लानं त्यांना वर उचलून घेतलं." मला इतकं लागलं की मी म्हटलं, तुम्ही अर्धाच येशू मानता, तोही सोयीचा. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं मला वादविवादाचा एक व्हिडिओ पाठवला, मी तिला दुसरा पाठवला, मग तिनं अजून एक. आता दोन महिने झाले, कामापुरतं बोलतो. आई म्हणते रूम बदल. मला विचारायचंय की आमच्या दोघींचा येशू एकच आहे का, खरं काय आहे आणि मी काय करू?

उत्तर :

अगं, पत्र वाचून मला सगळ्यात आधी त्या पेजेचं वाईट वाटलं. गुड फ्रायडेला तुमच्याकडे पेज असते हे रत्नागिरीच्या पोरीला कुठून माहीत असणार, तूच कधीतरी बोलता बोलता सांगितलं असशील आणि तिनं ते लक्षात ठेवलं, ड्यूटीवरून येऊन पातेलं चढवलं. हे बाजूला ठेव, शेवटी येऊ त्याच्यावर.

माझं काय ते आधीच सांगते, नाहीतर लोक विचारत बसतात. मी ख्रिस्ती नाही आणि मुसलमानही नाही. घरी गणपती, शाळा मिशनची, नगरला, आणि पुढे कॉलेजात इतिहास शिकवण्यात जन्म गेला. त्यामुळे कोणाचा धर्म खरा हे माझ्याकडून मिळणार नाही, पण कोण नेमकं काय म्हणतंय आणि का म्हणतंय एवढं सांगू शकते, आणि माझा अनुभव असा की अर्धी भांडणं तिथेच असतात.

सातवीत असताना आमच्या शाळेत नाताळचं नाटक होतं. मरियेचं काम माझ्या वर्गातल्या एका मुसलमान मुलीला मिळालं, कारण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा आवाज तिचाच होता. मी मेंढी होते. अंगावर कापूस चिकटवलेला आणि तो नाकात जात होता एवढंच आठवतं. तिची दादी नातीचं काम बघायला पहिल्या रांगेत येऊन बसली, शेवटपर्यंत मन लावून बघितलं आणि नंतर आमच्या बाईंना म्हणाली, "सब अच्छा था, पर खजूर का झाड किधर है?" बाईंना काही कळेना. आम्हालाही नाही. गोठा आहे, गाय आहे, तीन राजे आहेत, खजुराचं झाड कशाला पाहिजे? मला ते कळायला पुढची वीस वर्षं आणि कुराणाचं मराठी भाषांतर लागलं.

कुराणातली १९ वी सूरा, म्हणजे अध्याय, मरियमच्या (तुमच्या मरियेच्या) नावाची आहे, ९८ आयती म्हणजे वचनं. अख्ख्या कुराणात नाव घेऊन जिचा उल्लेख आहे अशी बाई एकच, ती ही. बाकीच्या बहुतेक कुणाची तरी आई नाहीतर कुणाची तरी बायको. तर त्या सूरेत बाळंतपण असं आहे की मरियम एकटी, माणसांपासून लांब कुठेतरी गेलेली, कळा सुरू झाल्यात आणि ती खजुराच्या बुंध्याशी येऊन म्हणते, याच्याआधीच मेले असते, लोक मला विसरून गेले असते, तर बरं झालं असतं. तेवढ्यात खालून आवाज येतो की दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा काढून दिलाय, बुंधा हलव, ताजे पिकलेले खजूर पडतील, खा, पाणी पी, डोळे निवव. योसेफ नाही, गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, नुसती एक बाई आणि झाड. तू नर्स आहेस, कळांमध्ये "मला मरू द्या" म्हणणाऱ्या बायका तू बघितल्या असशील, तेव्हा या जागेचं मोल मी तुला काय सांगणार. दादीच्या मनातली मरियम ही होती. आम्ही तिला गोठ्यात नेऊन बसवलं होतं.

आता तुझा पहिला प्रश्न, येशू एकच का. माणूस एकच. तुम्ही दोघी एकाच व्यक्तीबद्दल बोलताय यात शंका नाही, बेथलेहेम-नाझरेथकडचा, मरियेचा मुलगा, कुमारी मातेच्या पोटी जन्मलेला. हो, तेही मुसलमान मानतात, म्हणून तर त्याला ईसा इब्न मरियम म्हणतात, बापाचं नाव लावायचंच नाही तर आईचं लावलंय. मसीहा तोच, आंधळ्यांना दृष्टी देणारा, कुष्ठरोग्यांना बरं करणारा, मेलेल्यांना उठवणारा तोच. कुराणात तर तो मातीचा पक्षी करून त्यात फुंकर घालतो आणि पक्षी उडतो, हा चमत्कार तुमच्या चार शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांत, नाहीच. आणि शेवटच्या काळात तो परत येणार हेही दोन्हीकडे आहे. तुझ्या मैत्रिणीनं ईसाला मानलं नाही तर ती मुसलमानच राहणार नाही, तिच्या ईमानाचा तो भाग आहे. हे तुला माहीत होतं का? नसणार, नाहीतर "सोयीचा" हा शब्द तोंडातून निघाला नसता.

पण म्हणून "सगळं एकच आहे हो, नावं फक्त वेगळी" असं म्हणणारे जे असतात ना, त्यांचा मला वैताग येतो. घरातल्या कटकटी मिटवायला आलेल्या काकांसारखे असतात, दोघांचंही न ऐकता दोघांच्या पाठीवर थाप मारतात आणि चहा पिऊन जातात. एकच नाहीये. त्याच सूरेत पुढे मरियम बाळाला घेऊन गावात येते, लोक नाही नाही ते बोलतात, ती नुसतं बाळाकडे बोट दाखवते आणि पाळण्यातलं पोर बोलतं. पहिलं वाक्य काय, तर "मी अल्लाचा बंदा आहे." बंदा म्हणजे सेवक. आता तुझ्या मत्तयच्या शुभवर्तमानात ये, येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन वर येतो आणि आकाशातून वाणी होते की हा माझा पुत्र, मला परमप्रिय. बंदा की पुत्र. चौदाशे वर्षांचा वाद या दोन शब्दांत बसतो, बाकी सगळे त्याचे फाटे.

त्यातही एक गंमत बघ, कुराणातच ईसाला अल्लाचा कलिमा म्हणजे शब्द आणि त्याच्याकडून आलेला रूह म्हणजे आत्मा म्हटलंय. ख्रिस्ती लोक हे ऐकले की उडी मारतात, अरे मग झालंच की, योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच "प्रारंभी शब्द होता, शब्द देवासह होता, शब्द देव होता" अशी आहे. नाही झालं. तिच्याकडे याचा अर्थ असा की अल्ला म्हणाला "हो" आणि ईसा झाला, जसा आदम मातीतून झाला, त्याला तर आईसुद्धा नव्हती, कुराणात हे उदाहरण सरळ दिलंय. तुझ्याकडे अर्थ असा की तो शब्द देवच आहे आणि तोच माणूस झाला. शब्द तोच, अर्थाला मधे नदी.

मला स्वतःला हे सगळं कधी कळलं माहितीये, जेव्हा एका अभ्यासकाकडून ऐकलं की तुम्ही जोड्याच चुकीच्या लावता. आपण काय करतो, बायबलसमोर कुराण ठेवतो आणि येशूसमोर मुहम्मद. पण ख्रिस्ती माणसाला देवाचा शब्द पुस्तकात मिळत नाही, माणसात मिळतो, पुस्तक त्या माणसाची साक्ष. मुसलमानाला देवाचा शब्द कुराणातच मिळतो, पैगंबरसाहेब तो आणणारे. म्हणजे येशूच्या समोर ठेवायचं ते कुराण! म्हणून तर ती तुला विचारत असणार की तुमच्या येशूंना मिळालेली इंजील कुठाय, कारण तिच्या समजुतीत ईसाला वरून एक किताब मिळाली होती, आणि तू तिला चार माणसांनी लिहिलेली चार शुभवर्तमानं दाखवतेस. तिला वाटतं यांनी किताब हरवली. तुला वाटतं हिला शुभवर्तमान म्हणजे काय तेच कळत नाही. दोघी आपापल्या जागी बरोबर.

आता क्रूस.

चौथ्या सूरेत, १५७ आणि १५८ व्या आयतींत ते आहे. काही लोक फुशारकी मारतायत की आम्ही मरियमच्या मुलाला, मसीहाला मारलं, आणि त्याला उत्तर म्हणून कुराण सांगतं की त्यांनी त्याला मारलं नाही, क्रूसावरही चढवलं नाही, त्यांना तसं भासलं, उलट अल्लानं त्याला स्वतःकडे उचलून घेतलं. टोन बघ. ईसाला कमी करण्यासाठी हे वाक्य आलेलं नाही, ईसाचा अपमान करून गेलो म्हणणाऱ्यांची जिरवायला आलंय. तुझी मैत्रीण जे सहज म्हणाली त्याच्या मागे हे आहे, की देव आपल्या इतक्या लाडक्या पैगंबराला चोरांच्या मधे नागडा टांगू देईल का? शक्यच नाही. तिच्या बाजूनं ती प्रेमाचं बोलली.

आणि हे तुमच्या शुभवर्तमानातही कोणीतरी म्हटलंय. येशूचा पट्टशिष्य पेत्र! मत्तय १६ व्या अध्यायात येशू पहिल्यांदा सांगतो की मला दुःख भोगावं लागेल, मारलं जाईल, आणि पेत्र त्याला बाजूला घेऊन म्हणतो, देव न करो प्रभू, असं तुमच्या बाबतीत कधीच होणार नाही. तुझ्या रूममेटचंच वाक्य आहे ते, पहिला पोप ज्याला म्हणता त्याच्या तोंडचं. (येशू पेत्राला त्यावर "सैताना, चालता हो" अशा अर्थाचं म्हणतो ते तुला पाठ असेल, ते मात्र तिला ऐकवू नकोस.) पहिल्या पिढीतला प्रचारक पौलही करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की क्रूसावरचा ख्रिस्त हा यहुद्यांना अडखळण आणि इतरांना मूर्खपणा वाटतो. म्हणजे तुमच्याच ग्रंथात पहिल्या पिढीपासून कबुली आहे की ही गोष्ट पचायला अवघड आहे. तुला लहानपणापासून क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं फिरून फिरून ती सवयीची झालीये, तिला नाही.

तू म्हणशील मग आम्ही असा अपमान का मानतो. कारण तुमच्या मते तोच मुद्दा आहे, देवानं वरून हात देऊन वाचवलं नाही, स्वतः खाली उतरला, पार तळापर्यंत. तिच्या श्रद्धेत देवाचा मोठेपणा यात की त्यानं आपल्या माणसाला त्या अपमानातून उचललं, तुझ्या श्रद्धेत यात की तो स्वतः त्या अपमानात गेला. तिनं त्या संध्याकाळी तुझ्या देवाला नाकारलं असं तुला वाटलं, आणि तू तिच्या पैगंबराला चोरासारखं टांगतेस असं तिला वाटलं असणार. मला तर दोघींच्या डोळ्यांत पाणी एकाच माणसासाठी दिसतं.

याच्याही खाली एक मुळातलं आहे, ते तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगते. डायग्नोसिस वेगळं म्हणून ट्रीटमेंट वेगळी. ख्रिस्ती धर्म म्हणतो आदमापासून माणसाच्या रक्तातच बिघाड आलाय, स्वतःच्या बळावर बरा होणार नाही, दुसऱ्या कोणीतरी स्वतःचं रक्त द्यायला पाहिजे, आणि ते देऊ शकेल असा एकच. म्हणून क्रूस काढून घेतला तर काही उरतच नाही, पौलानं तर स्पष्ट लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचारही फुकट आणि तुमची श्रद्धाही फुकट. इस्लाम म्हणतो आदम चुकला, त्यानं तौबा केली, अल्लानं माफ केलं, केस क्लोज. कोणाचं ओझं कोणी उचलत नाही. माणसाचा आजार विसरण्याचा आहे, तो देवाला विसरतो, तर त्याला आठवण करून द्यायला एकामागून एक पैगंबर आले. आता आठवण करून द्यायला कोणी मरायची काय गरज? तिच्या चौकटीत क्रूसाला कामच नाही, म्हणून तो नसल्यानं तिचं काही अडत नाही. "सोयीचा" म्हणालीस ते इथे चुकलं. सोय बघून काही काढलेलं नाही, तिथे ती जागाच वेगळी बांधलीये.

तू विचारलंस, खरं काय. इतिहासाची मास्तरीण म्हणून एवढं सांगते की येशूच्या आयुष्यातल्या ज्या गोष्टींवर आजचे इतिहासकार, नास्तिक धरून, जवळपास सगळे एकमत आहेत त्यात क्रूसावरचा मृत्यू अगदी वर आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस, ज्याला ख्रिस्ती लोकांबद्दल शून्य प्रेम होतं, तोही पहिल्या शतकानंतर थोड्याच वर्षांनी लिहितो की सम्राट तिबेरियसच्या राज्यात पिलातानं ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. तुम्ही मिस्सात श्रद्धांगीकार म्हणताना पिलाताचं नाव घेता ना, एका रोमन अधिकाऱ्याचं नाव दर रविवारी अख्ख्या जगात घेतलं जातं, तो त्या गोष्टीला मारलेला तारखेचा शिक्का आहे. पण हे सांगून तुझ्या हातात मी दगड देत नाहीये. कारण इतिहास सांगेल की एक माणूस क्रूसावर मेला. तो तुझ्या पापासाठी मेला हे कुठला इतिहासकार सांगणार? तिथून पुढे तूही श्रद्धेवरच चालतेस आणि "भासवलं गेलं" हेही श्रद्धेचंच विधान आहे, तो बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं याच्या पलीकडचा दावा आहे. शिवाय मुसलमान विद्वानांनीही ते एक वाक्य घेऊन डोळे मिटलेले नाहीत. कुराणाचा भाष्यकार तबरी, जो ९२३ साली गेला, त्यानं या आयतीखाली वेगवेगळ्या हकिकती नोंदवून ठेवल्यात, कोणी म्हणतं एका शिष्यानं आपण होऊन ईसाचं रूप घेतलं, कोणी म्हणतं सगळ्यांचेच चेहरे सारखे झाले. पुढे फख्रुद्दीन राझी या दुसऱ्या भाष्यकारानं सरळ प्रश्न काढला की देव जर असा एकाचा चेहरा दुसऱ्याला देऊ लागला तर आपण डोळ्यांनी बघतो त्यावर विश्वास कसा ठेवायचा, आणि मग स्वतःच त्याला उत्तरं द्यायला बसला. म्हणजे त्यांच्यातही विचार झालाय, खूप झालाय, तुझ्या मोबाईलवर आलेल्या व्हिडिओत तो दिसणार नाही.

त्या व्हिडिओंबद्दल. मी असे बरेच पाहिलेत, रिटायर झाल्यावर वेळ असतो. एक ठरलेलं वाक्य असतं, येशू कधी म्हणाला का "मी देव आहे, माझी पूजा करा"? या शब्दांत नाही म्हणाला, खरंय. लगेच दुसरी पार्टी योहानातली वाक्यं फेकते, "मी आणि पिता एक आहोत", शिष्य थोमा त्याला "माझ्या प्रभू, माझ्या देवा" म्हणतो वगैरे. मग पहिली पार्टी मार्कातलं काढते, "मला उत्तम का म्हणतोस, देवाशिवाय कोणी उत्तम नाही." हे टेबल टेनिस रात्रभर चालतं. चर्चचं म्हणणं पहिल्यापासून असं की दोन्ही प्रकारची वाक्यं त्याचीच, कारण तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. चर्चच्या खाल्केदोनच्या परिषदेत, ४५१ साली, ते शब्दांत नीट बांधलं. आणि ते "नायसियाच्या परिषदेत मतदान करून येशूला देव केलं" हे तर दोन्हीकडचे लोक बिनधास्त ठोकून देतात. ३२५ ला नायसियात वाद होता तो आरियस नावाच्या पाद्र्याशी, आणि आरियससुद्धा येशूला साधा माणूस म्हणत नव्हता, तो म्हणायचा की पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा, पण निर्माण केलेला. परिषदेनं म्हटलं, निर्माण केलेला नाही, पित्याच्याच सत्त्वाचा. येशूला प्रभू म्हणून गुडघे टेकायचं पौलाच्या पत्रांत आहे, म्हणजे नायसियाच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधी.

तुझ्या मैत्रिणीकडचा एक गैरसमजही दूर करता आला तर कर, पण प्रेमानं. "तीन म्हणू नका" असं कुराणात आहे, आणि एका ठिकाणी अल्ला ईसाला विचारतो की "अल्लाला सोडून मला आणि माझ्या आईला देव माना" असं तू लोकांना सांगितलंस का, ईसा म्हणतो, जे म्हणायचा मला हक्कच नाही ते मी कसा म्हणेन. त्यावरून पुष्कळांना वाटतं की ख्रिस्ती त्रैक्य म्हणजे देव, मरिया आणि त्यांचा मुलगा. असं कुठल्याच चर्चनं मानलेलं नाही. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, आणि देव तीन नाहीत, एकच. पुत्र हा शब्द ऐकला की तिला बाईच्या पोटचं पोर दिसतं, आणि सूरा इखलास तर तिला लहानपणापासून पाठ, की त्यानं कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही. देवाला बायको होती आणि तिच्यापासून मुलगा झाला, हे तुलाही मान्य नाही हे तिला सांग, ती चकित होईल. पण म्हणून फरक मिटला असं समजू नकोस, देह धारण करून देव माणूस झाला हे वाक्य ती तरी स्वीकारणार नाही, कारण तिच्या धर्मात देवाच्या बरोबरीला कोणाला बसवणं याहून मोठं पाप नाही. (तुमच्या हॉस्पिटलात कोणी आमच्याकडचा, हिंदू असेल तर तो म्हणेल, अवतारच की मग, त्यात काय एवढं. नाही रे बाबा. अवतार दहा होतात, हा एकदाच, आणि काम झालं म्हणून देह टाकून जात नाही, जखमांसकट तसाच राहतो.)

तुम्ही दोघी पहिल्या नाही आहात. गोव्याहून निघालेले जेझुइट संघाचे कॅथलिक पाद्री १५८० साली फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात पोचले, रुडोल्फ अक्वाविवा त्यांचा पुढारी. इबादतखान्यात, म्हणजे अकबराच्या धर्मचर्चेच्या दालनात, मौलवींशी रात्र रात्र वाद झाले, याच विषयावर. अकबर मरिया आणि येशूच्या चित्रांना मान द्यायचा, पण देवाला पुत्र कसा यावर त्याची गाडी अडली ती अडलीच. शेवटी टूम निघाली की एकानं कुराण घेऊन आणि एकानं बायबल घेऊन जाळात शिरायचं, जो वाचेल त्याचं खरं. पाद्र्यांनी नकार दिला, शहाणपणा केला. ही झाली एक पद्धत, व्हिडिओ पाठवणं त्याच जातीचं, जाळ तेवढा नाही.

दुसरी पद्धत त्याच्याही आठशे वर्षं आधीची, बगदादची. ७८१ च्या सुमारास खलिफा अल-महदीनं पूर्वेकडच्या चर्चचे मुख्य, तिमथी, यांना बोलावून दोन दिवस प्रश्न विचारले. देवाला मुलगा कसा, क्रूसाला का मानता, सगळे तुझे-माझे प्रश्न. तिमथींनी एकही माघार घेतली नाही, खलिफानंही नाही. मधे तिमथींनी एक दाखला दिला की समजा रात्रीच्या अंधारात, माणसांनी भरलेल्या घरात एक मोती पडला. सगळे चाचपडतात, एकाच्या हाताला मोती लागतो, कोणाच्या काच, कोणाच्या खडा, आणि प्रत्येकजण खुशीत की मोती माझ्याकडे. उजाडेल तेव्हा कळेल. आता तिमथींना आपल्या मुठीत मोतीच आहे याची खात्री होती, ते काही "सगळेच मोती" म्हणणारे नव्हते. तरी दोघं समोरासमोर बसून दोन दिवस बोलले आणि आपापल्या घरी गेले.

तर तू काय करायचं. पहिलं, व्हिडिओ बंद, आजपासून. आणि एक व्यवहाराचं सांगते, तू ज्या देशात आहेस तिथे इस्लामखेरीज दुसऱ्या धर्माचा प्रचार हा गुन्हा आहे, तुमचं चर्चसुद्धा बाहेरून क्रूस न लावता उभं आहे ते काय उगीच नाही. मैत्रीण तक्रार करेल असं मी म्हणत नाहीये, पण फॉरवर्ड कुठे फिरतात आपल्याला कळत नाही.

दुसरं, "अर्धा" आणि "सोयीचा" या दोन शब्दांची माफी माग. फक्त त्या दोन शब्दांची. क्रूसाची माफी मागायची नाही, उगीच "तुझंही बरोबर" म्हणून गोड व्हायचं नाही, तिला ते खोटं आहे हे कळेल. आणि तिचंही चुकलं ते सांग, रागानं नको. गुड फ्रायडे हा तुझ्या घरातल्या मयताचा दिवस आहे, मयताच्या घरी येऊन कोणी "ते गेलेच नाहीत हो" म्हणत नाही, मग ते कितीही खरं वाटत असो. हे तिला नक्की कळेल, कोकणातली पोर आहे, मयताच्या घरी कसं वागतात हे तिला शिकवायला नको. एखाद्या साध्या दिवशी ती तेच वाक्य बोलली असती तर मी तुलाच दोन शब्द सुनावले असते.

तिसरं, बोलायचं असेल तर "आमच्यात असं मानतात" असं सुरू करा, "खरं असं आहे" असं नको. भाषेतला एवढा बदल पुरतो. तिला सूरा मरियम म्हणून दाखवायला सांग, अरबीत, मग अर्थ. इस्लामच्या सुरुवातीच्या काळात मक्केतून पळालेले मुसलमान हबशांच्या ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला गेले तेव्हा त्याच्यापुढे हीच सूरा म्हणून दाखवली गेली आणि राजाला रडू आलं असं त्यांच्याकडे सांगतात. तू तिला गेथशेमाने बागेतली, येशूला पकडलं त्या रात्रीची गोष्ट वाचून दाखव, जिथे येशू म्हणतो हा प्याला माझ्यापासून टळो. पटवायला नाही गं. तू त्या दिवशी का रडून आली होतीस ते तिला अजून कोणी सांगितलेलंच नाहीये.

आईला सांग, चर्चनं स्वतःच १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेत लेखी दिलंय की मुसलमान येशूला देव मानत नसले तरी पैगंबर म्हणून मानतात, मरियेचा मान राखतात, आणि चर्च त्यांच्याकडे आदरानं बघतं. आई ऐकेल असं नाही, पण फादरांना विचार म्हणावं. रूम बदलायची काही गरज नाही. नवीन रूममेट घोरणारी निघाली तर कोणत्या परिषदेत जाशील?

आणि ती पेज. मी पत्र दोनदा वाचलं, तू ती खाल्लीस असं कुठे लिहिलेलं नाही. तिला विचार त्या दिवशी कशी केली होती, तांदूळ कुठला घेतला, वर काय करायचा विचार होता, आणि परत एकदा लावायला सांग.